लातूरची खुर्ची नांदेडला

मार्च १९८६ मध्ये निलंग्याचे शिवाजीराव पाटील मुख्यमंत्रिपदावरून पायउतार झाले आणि त्यांच्या जागी नांदेडचे शंकरराव चव्हाण आले. डिसेंबर २००८ मध्ये बाभळगावचे विलासराव देशमुख गेले आणि नांदेडचे अशोक चव्हाण आले. बावीस वर्षांच्या अंतराने राज्याची सर्वोच्च खुर्ची दोनदा लातूर जिल्ह्यातून उठली आणि नांदेड जिल्ह्यात जाऊन बसली. दोन्ही वेळा विधानसभेची निवडणूक नव्हती. कोणाच्या बोटाला शाई लागली नव्हती, की कुठल्या शाळेत मतदान केंद्र उघडले नव्हते. लातूरच्या गंजगोलाईत आणि नांदेडच्या वजिराबादेत लोकांना बातमी कळली ती आकाशवाणीवरून, पुढे दूरचित्रवाणीवरून. आणि मग एका गावात गुलाल उधळला गेला, दुसऱ्या गावात दुकानाच्या पायऱ्यांवर बसून कारणमीमांसा सुरू झाली.

या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले. शंकरराव आणि विलासराव दोनदा त्या पदावर आले, म्हणून येणे सहा वेळा आणि जाणेही सहा वेळा झाले. सहापैकी चार आगमने दोन निवडणुकांच्या मधल्या काळातली आहेत. निवडणुकीनंतर लगेच खुर्ची मिळाली ती फक्त विलासरावांना, १९९९ मध्ये आणि २००४ मध्ये. जाण्याचा हिशेब त्याहून एकतर्फी आहे. १९७७, १९८६, १९८८, २००३, २००८ आणि २०१० या सहाही वेळा मुख्यमंत्री गेला तो विधानसभेच्या मतदाराने घालवला म्हणून नव्हे. सभागृहात ठराव हरला म्हणूनही नव्हे. ज्याला आपण ‘लोकांनी खाली खेचले’ म्हणतो, तसे या चौघांपैकी एकाच्याही बाबतीत घडलेले नाही.

हे बेकायदा आहे का? अजिबात नाही. राज्यघटनेच्या १६४व्या अनुच्छेदात मुख्यमंत्र्याबद्दल फार थोडे लिहिले आहे: त्याची नेमणूक राज्यपाल करतो, इतर मंत्र्यांची नेमणूक त्याच्या सल्ल्याने होते, आणि हे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकपणे जबाबदार असते. मतदाराने मुख्यमंत्री निवडावा असे त्यात कुठेही नाही. नांदेडचा मतदार नांदेडचा आमदार निवडतो. मग २८८ आमदारांच्या सभागृहाचा विश्वास ज्याच्यावर आहे, त्याला राज्यपाल शपथ देतात. तो विश्वास एकावरून उठून दुसऱ्यावर बसला की सरकार बदलते, आणि सभागृह मात्र तेच राहते. मुख्यमंत्र्याने राजीनामा दिला की त्याच्यासोबत अख्खे मंत्रिमंडळ जाते, हेही ध्यानात ठेवावे. नवा येतो तेव्हा जुन्याच मंत्र्यांना पुन्हा शपथ घ्यावी लागते. म्हणजे ज्यांना घ्यायचे त्यांची वर्णी लागते, ज्यांना नाही ते बंगला रिकामा करायला लागतात.

आमदार तेच आणि सरकार वेगळे, याचा एक वेगळाच नमुना मराठवाड्याने १९५६ मध्ये पाहिला होता. ३१ ऑक्टोबरपर्यंत नांदेड जिल्हा हैदराबाद राज्यात होता आणि मुख्यमंत्री होते बुर्गुल रामकृष्ण राव. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. मुख्यमंत्री झाले यशवंतराव चव्हाण. एका रात्रीत राजधानी बदलली, सरकार बदलले, आणि हैदराबादसाठी १९५२ साली निवडून दिलेले आमदार मुंबईच्या सभागृहात जाऊन बसले. पण हे नकाशाने केलेले सत्तांतर. इथे विषय आहे तो माणसांनी केलेल्या सत्तांतराचा.

त्याची सुरुवात १९७५ पासून करावी लागते. डिसेंबर १९६३ पासून वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. अकरा वर्षे उलटून गेली होती. फेब्रुवारी १९७५ मध्ये ते गेले आणि पाटबंधाऱ्यांसाठी ओळखले जाणारे, शिस्तीमुळे ‘हेडमास्तर’ म्हणवले जाणारे शंकरराव चव्हाण आले. ही निवड मुंबईत जाहीर झाली, पण ठरली दिल्लीत, इंदिरा गांधींच्या मर्जीने. काँग्रेसमधली पद्धत पुढे जी चांगलीच रुळली, ती अशी: दिल्लीहून निरीक्षक येतात, आमदारांना एकेकट्याला बोलावून मत विचारतात, मग विधिमंडळ पक्षाची बैठक होते आणि तीत एका ओळीचा ठराव मंजूर होतो की नेता निवडण्याचा अधिकार पक्षाध्यक्षांना देण्यात येत आहे. निरीक्षकांनी वहीत काय टिपून नेले ते आमदाराला कळत नाही, मतदाराला तर नाहीच. घटनेच्या दृष्टीने सगळे चोख असते, कारण त्या नेत्यामागे बहुमत असतेच. फक्त बहुमताने नेता शोधलेला नसतो. नेता सापडल्यावर बहुमत त्याच्यामागे जाऊन उभे राहते.

दोन वर्षांनी हाच रस्ता उलटा वाहिला. मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत आणीबाणीचा राग मतपेटीतून बाहेर पडला. महाराष्ट्रातल्या ४८ पैकी काँग्रेसला २० जागा उरल्या. ती निवडणूक दिल्लीच्या सरकारसाठी होती, मुंबईच्या नव्हे. तरी मे महिन्यात शंकररावांना जावे लागले आणि त्यांच्याच मंत्रिमंडळातून बाहेर पडावे लागलेले वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. १९७२ साली निवडलेल्या एका विधानसभेने असे तीन मुख्यमंत्री पाहिले: नाईक, चव्हाण, पाटील. मतदाराला विचारले गेले ते थेट १९७८ मध्ये.

त्याच वर्षी, जुलै १९७८ मध्ये, दुसरा मार्ग दिसला. पक्ष नेता बदलत नसेल तर पक्षातला एक गट उठून समोरच्या बाकांवर जातो. वसंतदादांच्या सरकारमधून शरद पवार सुमारे चाळीस आमदारांसह बाहेर पडले आणि १८ जुलैला जनता पक्षाच्या साथीने मुख्यमंत्री झाले. वय ३७. त्या ‘पुलोद’ म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात अर्थमंत्री कोण? शंकरराव चव्हाण. तीन वर्षांपूर्वी ज्यांच्या मंत्रिमंडळात पवार मंत्री होते, तेच आता पवारांच्या मंत्रिमंडळात होते. आणि या वेळी विधानसभेच्या अध्यक्षपदावर होते लातूरचे आमदार शिवराज पाटील चाकूरकर. हे सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये गेले, तेही तिसऱ्याच वाटेने: केंद्रात परत आलेल्या इंदिरा गांधींच्या सरकारने राष्ट्रपती राजवट आणली. अनुच्छेद ३५६ चा असा सढळ वापर पुढे एस. आर. बोम्मई प्रकरणातल्या ११ मार्च १९९४ च्या निकालाने आवरला गेला. सरकारचे बहुमत आहे की नाही याची परीक्षा राजभवनात नव्हे, सभागृहात व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा ठरवून दिले.

या सगळ्यात १९८५ ते १९८८ हा काळ जरा थांबून पाहण्याजोगा आहे.

मार्च १९८५ मध्ये विधानसभा निवडणूक झाली. काँग्रेसला २८८ पैकी १६१ जागा मिळाल्या. बहुमत काठावरचे नव्हते, आघाडीची लाचारी नव्हती, कुणी फुटण्याची भीती नव्हती. वसंतदादा मुख्यमंत्री होते. आणि जूनच्या पहिल्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला. कारण विरोधक नव्हते; दिल्लीने प्रदेशाध्यक्षपदी प्रभा राव यांना नेमले होते आणि ती नेमणूक दादांना मान्य नव्हती. ३ जूनला शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री झाले. लातूर जिल्हा उस्मानाबादपासून वेगळा होऊन तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती. ऑगस्ट १९८२ मध्ये जन्मलेल्या या जिल्ह्याच्या पदरात एवढ्यात मुख्यमंत्रिपद पडले.

ते नऊ महिने टिकले. निलंगेकरांच्या कन्येच्या एम.डी. परीक्षेतील गुणवाढीचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये त्यांनी पद सोडले. न्यायालयाने ‘राजीनामा द्या’ असे म्हटले नव्हते, आणि तसे म्हणण्याचा त्याला अधिकारही नाही. १६१ आमदारांतल्या एकानेही पाठिंबा काढला नव्हता. तरी सरकार गेले. चार वर्षांपूर्वी, जानेवारी १९८२ मध्ये, सिमेंट प्रकरणातल्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले असेच गेले होते. संसदीय पद्धतीत सरकार घालवण्याची ही एक अलिखित रीत आहे. खटल्याचे निकालपत्र वर्तमानपत्रात छापून येते, पक्षाला पुढची निवडणूक दिसू लागते आणि नेता ‘नैतिक जबाबदारी’ स्वीकारतो. जबाबदारी किती नैतिक आणि किती व्यवहारी, हे ज्याने त्याने ठरवावे. एवढे मात्र खरे की, ज्या देशात थेट निवडलेला आणि मुदतबंद अध्यक्ष असतो, तिथे असा मनुष्य इतक्या सहज हलत नाही.

आता शंकररावांचे पाहा. मार्च १९८६ मध्ये ते केंद्रात गृहमंत्री होते आणि लोकसभेत नांदेडचे खासदार. महाराष्ट्राच्या विधिमंडळाचे ते सदस्यच नव्हते. तरी १२ मार्चला त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. हे शक्य होते ते अनुच्छेद १६४ च्या चौथ्या खंडामुळे: विधिमंडळाचा सदस्य नसलेला माणूसही मंत्री होऊ शकतो, फक्त सहा महिन्यांत त्याने कुठल्यातरी एका सभागृहात निवडून यायला हवे. ज्या राज्यांत विधान परिषद आहे तिथे ही सोय फारच आरामाची, कारण गावोगाव फिरून मते मागण्याची गरज उरत नाही. शंकरराव विधान परिषदेत आले. नांदेडची लोकसभेची जागा रिकामी झाली, १९८७ मध्ये तिथे पोटनिवडणूक लागली, आणि तीतून अशोक चव्हाण पहिल्यांदा लोकसभेत पोहोचले. म्हणजे निवडणुकीशिवाय झालेल्या एका बदलाने नांदेडकरांना एक निवडणूक दिली. फक्त ती मुख्यमंत्र्यासाठी नव्हती, त्यांच्या मुलासाठी होती.

नेता बदलला की केवळ पाटी बदलते असे समजू नये. शंकररावांनी येताच शून्याधारित अर्थसंकल्पाची पद्धत आणली. आधीच्या वर्षीच्या खर्चावर चार टक्के चढवून पुढचा आकडा लिहायचा ही सरकारी सवय बाजूला ठेवून प्रत्येक योजनेने आपली गरज पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावी, असा त्याचा रोख होता. मार्च १९८५ मध्ये काँग्रेसला मत देणाऱ्या कोणाही शेतकऱ्याने शून्याधारित अर्थसंकल्पाला मत दिले नव्हते. धोरणाने एवढे मोठे वळण घेतले आणि त्यासाठी जाहीरनाम्याचे एक पानही उलटावे लागले नाही.

जून १९८८ मध्ये शंकरराव केंद्रात अर्थमंत्री म्हणून गेले आणि मुंबईत त्यांच्या जागी आले शरद पवार. दीड वर्षापूर्वीच ते आपला पक्ष काँग्रेसमध्ये विलीन करून परतले होते. आधी हाताखाली, मग डोक्यावर, मग वारसदार! एका माणसाशी नियतीने एवढे प्रकार करावेत हे नवलच, पण नियतीला इथे दिल्ली असे वाचायला हरकत नाही. एकाच विधानसभेत वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव आणि पवार असे चार मुख्यमंत्री झाले. बहुमत पाचही वर्षे काँग्रेसचेच राहिले.

ब्रिटनमध्येही पक्ष आपला नेता मध्येच बदलतो. २०२२ या एका वर्षात तिथे बोरिस जॉन्सन, लिझ ट्रस आणि ऋषी सुनक असे तीन पंतप्रधान झाले. पण तिथे पक्षांतर्गत मतदानाचे आकडे जाहीर होतात. १९९० मध्ये मार्गारेट थॅचर यांना पहिल्या फेरीत २०४ खासदारांची मते पडली, मायकल हेसलटाइन यांना १५२. नियमाने लागणाऱ्या आघाडीला थॅचर चार मतांनी कमी पडल्या आणि दोन दिवसांनी त्यांनी माघार जाहीर केली. कोणी कोणाला किती मतांनी घालवले हे लंडनच्या फेरीवाल्यालाही ठाऊक होते. निलंगेकरांच्या जागी शंकरराव किती आमदारांना हवे होते, हा आकडा महाराष्ट्रात छापला गेला नाही, कारण तो मोजला जात नव्हता.

आकडा मोजला जातो तो सभागृहात, आणि तिथे लातूरच्या माणसाने एकदा बाजी मारली आहे. १९९९ मध्ये काँग्रेसला ७५, राष्ट्रवादीला ५८ जागा मिळाल्या. या दोघांनी छोट्या पक्षांना आणि अपक्षांना जोडून सरकार केले आणि विलासराव मुख्यमंत्री झाले. जून २००२ मध्ये ते सरकार हादरले. शेकापने पाठिंबा काढला, काही आमदार पळाले, विरोधी पक्षनेते नारायण राणे यांनी सरकार पाडण्याची तयारी केली. राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी बहुमत सिद्ध करायला सांगितले. काँग्रेसचे आमदार बंगळूरजवळच्या एका रिसॉर्टवर नेऊन ठेवले गेले. तिथे त्यांची देखभाल डी. के. शिवकुमार यांच्याकडे होती. आमदारांना सहलीला नेण्याची ही पद्धत पुढे इतकी फोफावली की, लोकांनी रिसॉर्टच्या नावावरून राजकीय मोसम ओळखायला सुरुवात केली. १३ जूनला विश्वासदर्शक ठरावावर मतदान होण्याआधी विधानसभा अध्यक्ष अरुण गुजराथी यांनी पक्षांतरबंदी कायद्याखाली सात आमदारांना अपात्र ठरवले. ठराव १४३ विरुद्ध १३३ मतांनी जिंकला गेला.

त्या कायद्याचा इथे थोडा परिचय हवा. तो १९८५ सालचा, घटनेची दहावी अनुसूची. ती येईपर्यंत घटनेत राजकीय पक्ष हा शब्दप्रयोगही नव्हता. पक्षादेश मोडून मतदान केले किंवा पक्ष सोडला तर आमदारकी जाते, असा तिचा गाभा. मूळ कायद्यात एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर ती ‘फूट’ मानून माफी होती. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ती माफी काढली, आणि मंत्र्यांची संख्याही सभागृहाच्या पंधरा टक्क्यांवर आणून ठेवली, कारण फुटलेल्यांना देण्यासाठी मंत्रिपदे कमी पडू नयेत म्हणून मंत्रिमंडळेच फुगू लागली होती. या कायद्याने सुट्ट्या आमदाराला वेसण घातली. पण त्याच वेसणीचे दुसरे टोक पक्षश्रेष्ठींच्या हाती गेले. नेता बदलायचा दिल्लीचा निर्णय एखाद्या आमदाराला पटला नाही, तर सभागृहात त्याला फक्त गप्प बसता येते.

विलासरावांचेच पाहा. जून २००२ मध्ये त्यांनी सभागृह जिंकले. जानेवारी २००३ मध्ये पक्षाने त्यांना काढले आणि सुशीलकुमार शिंदे यांना आणले. जे विरोधी पक्षाला १३३ मते गोळा करून जमले नाही, ते दिल्लीच्या एका निर्णयाने झाले. आणि लगेच उलटही झाले. २००४ ची निवडणूक शिंदे मुख्यमंत्री असताना लढली गेली, आघाडी जिंकली, राष्ट्रवादीला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा आल्या. मोठा पक्ष राष्ट्रवादी असूनही मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे राहिले. बदल्यात राष्ट्रवादीने जादा मंत्रिपदे घेतली. आणि मुख्यमंत्री झाले विलासराव. शिंदे आंध्र प्रदेशाचे राज्यपाल म्हणून हैदराबादला गेले. निवडणूक जिंकून खुर्ची गमावणारा मुख्यमंत्री ही चीज संसदीय पद्धतीतच सापडते. गंमत इथेच संपत नाही: २००२ मध्ये सरकार पाडायला निघालेले राणे २००५ मध्ये शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये आले आणि विलासरावांचे महसूलमंत्री झाले.

विलासरावांचे दुसरे जाणे २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतरचे. ३० नोव्हेंबरला केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील यांनी राजीनामा दिला. त्याच दिवशी विलासराव हल्ला झालेल्या ताज हॉटेलात गेले. सोबत अभिनेता मुलगा आणि चित्रपट दिग्दर्शक राम गोपाल वर्मा होते. टीकेचा भडका उडाला. उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील गेले आणि ४ डिसेंबरला विलासरावही. एका आठवड्यात लातूर जिल्ह्याने देशाचे गृहमंत्रिपद आणि राज्याचे मुख्यमंत्रिपद दोन्ही गमावले. मुख्यमंत्रिपदावर राणे यांचा दावा होता. निवड झाली अशोक चव्हाण यांची. राणे यांनी पक्षनेतृत्वावर जाहीर तोफ डागली आणि पक्षाने त्यांना निलंबित केले. दोनच महिन्यांनी ते चव्हाणांच्या मंत्रिमंडळात परत होते.

खुर्ची दीडशेएक किलोमीटर सरकल्याने काय फरक पडतो, हे लातूरकरांना महिन्याभरात कळले. औरंगाबादच्या विभागीय आयुक्तालयाचे विभाजन करून नवे महसूल आयुक्तालय कुठे करायचे हा जुना वाद होता. जानेवारी २००९ मध्ये चव्हाणांच्या मंत्रिमंडळाने कौल नांदेडला दिला. लातूरमध्ये आंदोलन पेटले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि पुढे वर्षानुवर्षे रखडले.

ऑक्टोबर २००९ ची निवडणूक अशोक चव्हाण यांच्या नेतृत्वाखाली झाली आणि काँग्रेस ८२ जागांवर पोहोचली. या चौघांपैकी मुख्यमंत्री म्हणून विधानसभा निवडणूक लढवून पुन्हा शपथ घेतलेले ते एकटेच. ती शपथ ७ नोव्हेंबर २००९ ची. ९ नोव्हेंबर २०१० ला त्यांचा राजीनामा स्वीकारला गेला होता. कुलाब्याच्या आदर्श सोसायटीत नातेवाइकांना सदनिका मिळाल्याचा आरोप हे कारण. त्यांच्यावर खटला चालवण्याची राज्यपालांनी दिलेली परवानगी उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये रद्द केली. पण खुर्ची काही त्यासाठी थांबलेली नव्हती. दिल्लीत पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री असलेले पृथ्वीराज चव्हाण आले आणि १९८६ च्या शंकररावांप्रमाणेच विधान परिषदेच्या वाटेने स्थिरावले.

दिल्लीतही या दोन जिल्ह्यांनी असा एक दिवस जवळून पाहिला आहे. २८ जुलै १९९३. नरसिंह राव यांचे सरकार अल्पमतात होते आणि अविश्वास ठरावावर लोकसभेत मतदान होते. अध्यक्षांच्या आसनावर लातूरचे शिवराज पाटील, सरकारी बाकांवर गृहमंत्री म्हणून नांदेडचे शंकरराव. ठरावाच्या बाजूने २५१, विरोधात २६५. सरकार चौदा मतांनी तरले. त्यातली काही मते पैशाने विकत घेतल्याचे प्रकरण नंतर बाहेर आले. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, लाच घेऊन सभागृहात मत दिलेल्या खासदाराला घटनेचे संरक्षण आहे. हा निकाल ४ मार्च २०२४ ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने मोडीत काढला. सव्वीस वर्षे लागली.

सरकार पाडणे सोपे आणि दुसरे उभे करणे अवघड, या पेचावर जर्मनीने एक तोड काढलेली आहे. तिथे चॅन्सेलरवर नुसता अविश्वास आणता येत नाही. त्याच ठरावात पुढचा कोण ते निवडावे लागते. १ ऑक्टोबर १९८२ ला हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले ते असे. महाराष्ट्रात २०१९ पासून जे झाले, ते त्याच्या नेमके उलट टोकाला होते. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधी उरकला. सर्वोच्च न्यायालयाने उघड मतदानाने बहुमत चाचणी घ्यायला सांगितली, तेव्हा चाचणीआधीच ते सरकार गेले. २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे आले. त्या मंत्रिमंडळात अशोक चव्हाण, विलासरावांचे पुत्र अमित देशमुख आणि उदगीरचे संजय बनसोडे होते.

जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार एकनाथ शिंदे यांच्यासोबत सुरतमार्गे गुवाहाटीला गेले. नांदेड उत्तरचे बालाजी कल्याणकर त्यांत होते. राज्यपालांनी बहुमत चाचणी घेण्यास सांगितले, ती थांबवायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला, आणि २९ जूनच्या रात्री ठाकरे यांनी राजीनामा दिला. साडेदहा महिन्यांनी, ११ मे २०२३ ला, घटनापीठाचा निकाल आला. चाचणी बोलावण्याइतका पुरावा राज्यपालांपुढे नव्हता, असे न्यायालयाने म्हटले. पण जुने सरकार परत आणता येणार नाही, कारण ठाकरे चाचणीला सामोरे न जाता स्वतःहून बाहेर पडले होते. यापुढच्या मुख्यमंत्र्यांनी आणि त्यांच्या वकिलांनी हा परिच्छेद नक्की पाठ केला असेल. निकालानंतर दोनच महिन्यांत, २ जुलै २०२३ ला, अजित पवारांसोबत शपथ घेणाऱ्या आठ जणांत उदगीरचे बनसोडे होते. ठाकरे सरकारात ते राज्यमंत्री होते, शिंदे सरकारात कॅबिनेट मंत्री झाले. उदगीरच्या मतदाराने मधल्या काळात मतदान केले नव्हते.

शिंदे सरकारवरच्या विश्वासदर्शक ठरावाचे मतदान ४ जुलै २०२२ ला झाले. सभागृहात मतदानाआधी घंटा वाजते. घंटा थांबली की दारे बंद होतात, आणि मतमोजणी संपेपर्यंत बाहेरचा आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. त्या सकाळी काँग्रेसचे काही आमदार उशिरा पोहोचले. दार बंद झाले होते. आत शिरगणती झाली: ठरावाच्या बाजूने १६४, विरोधात ९९. बाहेर राहिलेल्यांत भोकरचे आमदार अशोक चव्हाण होते.